मातीतला अजिंठा : गान्सू प्रांताविषयी वाचकांचे प्रश्न

चीनच्या वायव्येकडील गान्सू प्रांताच्या प्रवासाविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. दर युआनमध्ये आहेत. १ युआन म्हणजे साधारण १२ ते १३ रुपये धरावेत. दर आणि वेळा हंगामानुसार बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्यावी.

प्रश्न : बीजिंग आणि शांघाय पाहून झाले. आता गान्सूला जा, असे काही जण सुचवतात. पण नकाशावर तो वाळवंटाकडेचा एक लांबट पट्टा दिसतो. तिथे पाहण्यासारखे नेमके काय आहे? (पुणे)

तो लांबट पट्टा हेच पाहण्यासारखे आहे. दक्षिणेला चिल्यान पर्वताच्या हिमाच्छादित रांगा, उत्तरेला गोबीचे वाळवंट आणि मधून जाणारी सुमारे हजार किलोमीटरची सपाट वाट. हिला हेशी पट्टा म्हणतात. ‘हेशी’ म्हणजे नदीच्या पश्चिमेकडचा. ही नदी म्हणजे पीत नदी, ह्वांग हो. चिल्यानवरचे बर्फ वितळून खाली येणाऱ्या नद्यांच्या काठी हिरवळीची बेटे तयार झाली आणि प्रत्येक बेटावर एकेक शहर वसले : वूवेई, झांगये, च्यूछ्वान, दुनहुआंग. व्यापारी असो, भिक्षू असो की फौज, सगळ्यांना एका हिरवळीवरून दुसरी गाठतच पुढे जावे लागे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हान सम्राट वू याने हा पट्टा जिंकून तिथे चार ठाणी बसवली. रेशीममार्गाचा चिनी टोकाकडचा भाग तो हाच.

बौद्ध धर्मही मुख्यतः याच वाटेने चीनमध्ये आत आला. बौद्ध ग्रंथांचा थोर भाषांतरकार भिक्षू कुमारजीव याचे वडील भारतातले आणि आई कूचा राज्याची राजकन्या. एका सेनापतीने त्याला पकडून आणले आणि तो वूवेईमध्ये सुमारे सतरा वर्षे अडकून पडला. तिथेच तो चिनी भाषा शिकला आणि इ. स. ४०१ मध्ये राजधानी छांगआनला पोहोचल्यावर त्याने संस्कृत ग्रंथांची जी भाषांतरे केली, ती आजही चीनमध्ये म्हटली जातात. वूवेईत त्याच्या नावाचे मंदिर आहे. दुनहुआंगजवळ पांढऱ्या घोड्याचा स्तूप आहे, नऊ थरांचा आणि साधारण १२ मीटर उंच. कुमारजीवाचा घोडा या ठिकाणी मेला, अशी आख्यायिका आहे. सातव्या शतकात सरहद्द ओलांडायला बंदी असताना ह्युएनत्संग याच पट्ट्यातून रात्री लपतछपत बाहेर पडला. पुढे तो महाराष्ट्रात आला. इथल्या पुलकेशी राजाचे आणि पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका विहाराचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. तो विहार म्हणजे अजिंठा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

म्हणून गान्सूला जायचे ते एखादे ठिकाण ‘करून’ यायला नव्हे, तर ही वाट पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत गेल्यासारखी पाहायला. वाटेत तीन मोठे लेणीसमूह, मिंग काळातला किल्ला, रंगीत डोंगर, वाळूच्या टेकड्या आणि दक्षिणेला एक मोठा तिबेटी मठ लागतो.

प्रश्न : आमचे शहर आणि दुनहुआंग ही ‘भगिनी शहरे’ आहेत असे वाचले. दुनहुआंगची लेणी खरोखर अजिंठ्यासारखी आहेत का? अजिंठा अनेकदा पाहिलेल्या माणसाला तिथे नवे काय दिसेल? (छत्रपती संभाजीनगर)

तुमचे शहर तेव्हा औरंगाबाद होते. मे २०१५ मध्ये हा करार झाला. जोडी नीट जुळवलेली आहे, कारण ही लेणी खरोखरच अजिंठ्याच्या घराण्यातली आहेत. फरक सुरू होतो तो दगडापासून.

अजिंठा बेसॉल्टमध्ये कोरलेला आहे. काळा, घट्ट पाषाण. त्यात खांब, स्तूप, बुद्धमूर्ती सगळे एकाच दगडातून निघते. दुनहुआंगपासून २५ किलोमीटरवरच्या मोगाओच्या कड्याचा ‘दगड’ म्हणजे वाळू आणि गोटे एकमेकांना चिकटून झालेला भरड खडक आहे. त्यात खोली खणता येते, पण छिन्नी लावून चेहरा काढायला गेले तर गोटेच निखळतात. त्यामुळे तिथल्या कारागिरांनी मूर्ती मातीच्या केल्या. आधी लाकडाचा सांगाडा, त्यावर बोरू किंवा गवताच्या पेंढ्या बांधायच्या, त्यावर काड मिसळलेल्या जाड मातीचा थर, मग कापूस किंवा तागासारखे तंतू घातलेली बारीक माती आणि शेवटी रंग. आपल्याकडे गौरी-गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्यांना ही रीत लगेच ओळखीची वाटेल. फार प्रचंड मूर्ती असेल तर कड्याचाच ओबडधोबड गाभा तसा ठेवून वरून मातीने आकार दिला आहे. ९६ क्रमांकाच्या लेण्यातला ३५.५ मीटर उंच मैत्रेय, म्हणजे भावी बुद्ध, असा घडला. त्याच्यापुढे उभा असलेला नऊ मजली लाल लाकडी दर्शनी भाग ही मोगाओची खूण झाली आहे.

भिंतींच्या बाबतीत मात्र दोन्हीकडची रीत जवळजवळ एकच. खडबडीत पृष्ठभागावर मातीचा गिलावा (अजिंठ्यात भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू, मोगाओत गव्हाचे काड), त्यावर पांढरा हात आणि वाळलेल्या भिंतीवर डिंक किंवा सरसात कालवलेले रंग. गेरू दोन्हीकडे आहे. निळ्यासाठी दोन्हीकडे लाजवर्द वापरला आहे आणि तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा. एकाच डोंगरातला निळा दगड अजिंठ्याच्या वाघूर नदीच्या घळीतही गेला आणि गोबीच्या कडेलाही. मोगाओच्या काही जुन्या चित्रांत माणसांचे चेहरे काळपट, जाड काळ्या रेघांचे दिसतात. ते मुळात तसे नव्हते. त्वचेच्या रंगछटेत शेंदूर, म्हणजे शिशाचा लाल रंग मिसळला होता आणि उजेड व दमटपणाने तो काळा पडला. हे ठाऊक असले की त्या चेहऱ्यांमागचा मूळ गुलाबी रंग डोळ्यांपुढे आणता येतो.

नवे काय, तर काळाचा पल्ला. अजिंठ्याचा दुसरा बहर पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला आणि मग काम थांबते. मोगाओत परंपरेप्रमाणे पहिले लेणे लेझुन नावाच्या भिक्षूने ३६६ मध्ये खणले आणि काम चौदाव्या शतकापर्यंत, जवळजवळ हजार वर्षे चालले. ७३५ गुंफा आहेत, त्यांतल्या ४९२ मध्ये चित्रे किंवा मूर्ती. चित्रांचे क्षेत्रफळ सुमारे ४५,००० चौरस मीटर. सुरुवातीच्या लेण्यांतले बोधिसत्त्व उघड्या अंगाचे, उत्तरीय घेतलेले, आपल्या ओळखीचे. दोन-तीन शतकांनी त्यांच्या अंगावर चिनी दरबारी बाह्यांचे झगे येतात. थांग काळात त्यांचे चेहरे भरतात आणि मागे अख्खी चिनी राजवाड्यांची नगरी उभी राहते. जातककथा त्याच, पण राजा चिनी, घोडा चिनी, ढगही चिनी. अजिंठा पाठ असलेल्या माणसाला हे जितके कळेल तितके इतरांना कळणे अवघड आहे. म्हणून आमचा आग्रह असा की जाण्याच्या आदल्या महिन्यात लेणे क्रमांक १, २, १६ आणि १७ पुन्हा एकदा शांतपणे पाहून घ्या.

प्रश्न : मोगाओच्या लेण्यांत गणपती आहे हे खरे का? असल्यास कुठल्या लेण्यात? (ठाणे)

खरे आहे. लेणे क्रमांक २८५, पश्चिमेची म्हणजे दारासमोरची भिंत. मधल्या कोनाड्यात बुद्ध आहे. त्याच्या एका बाजूला नंदीवर बसलेला त्रिमुखी महेश्वर आणि त्याच्या खालच्या अंगाला कुमार म्हणजे कार्तिकेय आणि विनायक. दुसऱ्या बाजूला नारायण. वर कोपऱ्यांत सूर्य आणि चंद्र. बौद्ध लेण्यात ही मंडळी धर्माचे रक्षक म्हणून आलेली आहेत. त्याच लेण्याच्या छतावर फूशी आणि न्युवा हे अर्धे मानव, अर्धे सर्प असलेले चिनी आदिदेव रंगवले आहेत. भिंतीवरच्या लेखांत ५३८ आणि ५३९ या सालांशी जुळणारे उल्लेख असल्याने काळाविषयी शंका नाही. चीनमधल्या सगळ्यांत जुन्या गणेशप्रतिमांत याची गणना होते. मधे दालन आणि दोन्ही बाजूंना ध्यानासाठी चार-चार छोट्या खोल्या, हा लेण्याचा आराखडाही आपल्या विहाराचाच आहे. खोल्या मात्र इतक्या लहान की आत एक माणूस मांडी घालून बसू शकेल, झोपू शकणार नाही.

अडचण अशी की २८५ हे ‘विशेष’ लेण्यांपैकी आहे. नेहमीच्या तिकिटात ते दाखवत नाहीत. वेगळे शुल्क भरून, त्या दिवशी परवानगी असेल तरच उघडतात. तिथे पोहोचल्यावर सकाळीच चौकशी करा. नाही म्हणाले तर वाद घालण्यात अर्थ नाही. हवेतला दमटपणा पाहून तो निर्णय होतो. दुनहुआंग अकादमीने २०१६ मध्ये ३० लेण्यांची चित्रे आंतरजालावर सर्वांना मोफत खुली केली, त्यांत २८५ आहे. पडद्यावर गणपती जितका जवळून दिसतो तितका प्रत्यक्षात विजेरीच्या उजेडात दिसत नाही, म्हणून आधी ते पाहून ठेवणे फायद्याचे.

प्रश्न : आमच्या सहलीच्या एजंटाने मोगाओचे तिकीट दारावर मिळेल असे सांगितले होते. जुलैमध्ये तिथे गेल्यावर फक्त चार लेणी दाखवणारे तिकीट हाती आले आणि माहिती सगळी चिनीत. पुन्हा जाणाऱ्यांनी काय करावे? (डोंबिवली)

संपूर्ण प्रवासाची आखणी या एका तिकिटाभोवती करावी. विमान, रेल्वे, हॉटेल सगळे नंतर.

एप्रिल ते नोव्हेंबर या गर्दीच्या हंगामात दोन प्रकारची तिकिटे असतात. ‘अ’ प्रकारात दोन चित्रफिती, जाण्यायेण्याची बस आणि आठ लेणी, मार्गदर्शकासह. दर २३८ युआन, इंग्रजी मार्गदर्शक असेल तर थोडा जास्त. रोज ६,००० तिकिटे. ती संपली की ‘ब’ प्रकार, सुमारे १०० युआन, गर्दी मावेल अशी चार लेणी, चित्रफिती नाहीत. तुम्हाला मिळाले ते हे दुसरे. डिसेंबर ते मार्च गर्दी नसते, दर कमी होतो आणि लेणी जास्त दाखवतात, पण थंडीविषयी पुढे वाचा.

विक्री साधारण एक महिना आधी उघडते. जुलै, ऑगस्ट, मेचा पहिला आठवडा आणि १ ते ७ ऑक्टोबर या दिवसांची ‘अ’ तिकिटे उघडताक्षणी संपतात. या तारखा टाळता आल्या तर उत्तम. नोंदणी पासपोर्टवर होते आणि इथे मराठी माणसाची एक ठरावीक चूक होते. आपल्या पासपोर्टमध्ये नावाच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव जोडलेले असते. तिकिटावर ते गाळले, तर पासपोर्ट आणि तिकीट जुळत नाही. रेल्वेलाही हाच नियम. जे छापले आहे ते अक्षर न अक्षर तसेच भरा. भाषा निवडताना इंग्रजीची वेळ निवडा; अशी सत्रे दिवसातून मोजकीच असतात.

प्रत्यक्ष दिवशी लेण्यांपाशी थेट जाऊ नका. आधी शहराजवळच्या डिजिटल केंद्रात पोहोचायचे. तिथे साधारण वीस-वीस मिनिटांच्या दोन चित्रफिती दाखवतात. दुसरी घुमटाकार पडद्यावरची आहे, ती चुकवू नये. मग त्यांच्या बसने कड्यापाशी. तिथे पिशव्या जमा करायच्या, पंचवीसेक जणांचा गट, कानात मार्गदर्शकाचा आवाज. आत छायाचित्रणाला सक्त मनाई आहे. दिवे नाहीत, मार्गदर्शकाची विजेरी हाच उजेड, म्हणून गटात पुढे राहावे. सगळे मिळून साडेतीन-चार तास जातात. त्या दिवशी दुपारची गाडी पकडायचा बेत ठेवू नका.

आठ लेणी कोणती, ते तुम्ही ठरवू शकत नाही. गर्दी पाहून मार्गदर्शक ठरवतो. ९६ आणि १६-१७ ही मात्र बहुतेक गटांना दाखवतात. १७ म्हणजे १६ च्या वाटेतली ती छोटीशी खोली, जी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला भिंत घालून बंद केली गेली आणि १९०० मध्ये वांग युआनलू या ताओ पंथी साधूला सापडली. आत सुमारे ५०,००० हस्तलिखिते आणि चित्रे कोंबलेली होती. १९०७ मध्ये ब्रिटिश संशोधक ऑरेल स्टाइन आणि १९०८ मध्ये फ्रेंच संशोधक पॉल पेलिओ यांनी त्यांतला मोठा वाटा नेला. ८६८ साली छापलेली वज्रच्छेदिका ही बौद्ध सूत्राची प्रत, तारीख असलेले जगातले सगळ्यांत जुने छापील पुस्तक, इथलेच. त्यातला मजकूर कुमारजीवाच्या भाषांतराचा आहे. ती आज लंडनला आहे. खोली आज रिकामी आहे आणि तिच्यासमोर मिनिटभरच थांबता येते. हे वाचून गेलात तर ते मिनिट पुरेल.

इतके निर्बंध का, असा राग पुष्कळांना येतो. कारण साधे आहे. गिलाव्यात आणि मागच्या खडकात क्षार आहेत. माणसांच्या श्वासाने आणि घामाने हवा दमट झाली की ते विरघळतात, हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक होऊन फुगतात आणि रंगाचा पापुद्रा भिंतीपासून सुटतो. म्हणूनच पाऊस आला किंवा वाळूचे वादळ उठले की लेणी त्या वेळेपुरती बंद करतात. दुनहुआंगमध्ये किमान दोन मुक्काम ठेवा, एक दिवस हातचा असू द्या.

आणि मोगाओची तिकिटे हुकलीच तर ग्वाझोऊ भागातली यूलिन लेणी पाहा. गाडीने अडीच-तीन तास, नदीच्या घळीत ४२ लेणी, गर्दी फारच कमी. तिथल्या एका चित्रात ह्युएनत्संग आणि त्याचा माकडासारखा सोबती घोड्यासह नदीकाठी उभे आहेत.

प्रश्न : बारा दिवस आहेत. आई-वडील बरोबर (६८ आणि ६४), वडिलांचे गुडघे दुखतात. मार्ग कसा आखावा? (नाशिक)

प्रांताची लांबी १,६०० किलोमीटरहून अधिक आहे, म्हणजे मुंबई-दिल्ली रेल्वेमार्गापेक्षा जास्त. म्हणून जाऊन परत त्याच वाटेने येऊ नका. शेजारच्या शान्शी प्रांतातल्या शिआनला उतरा, रेल्वेने पश्चिमेकडे सरकत जा आणि दुनहुआंगहून विमानाने परत शिआनला या.

शिआनला दोन दिवस. तिथून वेगवान गाडीने दीड-दोन तासांत तियानशुई आणि दुसऱ्या सकाळी मायजीशान. गवताच्या गंजीसारखा १४२ मीटर उंच एकटा डोंगर, त्याच्या उभ्या कड्याला लेणी आणि लेण्यांना जोडणारे अधांतरी जिने. गुडघ्यांचा खरा कस इथेच लागतो. वडिलांनी वर चढू नये. पूर्वेच्या कड्यावरची सुमारे १५ मीटर उंचीची बुद्धत्रयी खालूनच उत्तम दिसते. एक दुर्बीण न्या. वर जाणाऱ्यांनी विजेरी न्यावी, कारण बरीचशी लेणी जाळीच्या दारातून पाहावी लागतात.

संध्याकाळी लान्झोऊ. तिथे दोन दिवस. एक दिवस बिंगलिंगच्या लेण्यांसाठी : ल्यूज्याश्या धरणापर्यंत रस्त्याने आणि पुढे सुमारे तासभर वेगवान बोटीने. पाण्याच्या दोन्ही बाजूंना सुळके आणि समोर २७ मीटरचा बसलेला मैत्रेय. १६९ क्रमांकाच्या लेण्यात इ. स. ४२० चा लेख आहे. चिनी लेण्यांतला तारखेसह मिळालेला सर्वांत जुना लेख तो हाच. पण तिथे पोहोचायला वेगळे शुल्क आणि उभ्या शिड्या आहेत. पाणी उतरलेल्या हिवाळ्यात बोटी चालतीलच असे नाही. दुसरा दिवस प्रांतिक संग्रहालयासाठी. प्रवेश मोफत, सोमवारी बंद. १९६९ मध्ये वूवेईच्या थडग्यात सापडलेला, उडत्या पक्ष्यावर एकच खूर टेकवून धावणारा कांस्याचा घोडा तिथे आहे. उंची जेमतेम ३४.५ सेंटिमीटर, फोटोंवरून तो खूप मोठा वाटतो. संध्याकाळी १९०९ च्या लोखंडी झोंगशान पुलावरून पीत नदी ओलांडा.

पुढे झांगये, साधारण तीन तास. सकाळी शहरातले महाबुद्ध मंदिर : १०९८ मधले, आत ३४.५ मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती, ही लाकूड-मातीचीच. संध्याकाळी रंगीत डोंगर. मग ज्यायुग्वान, १३७२ चा किल्ला, चीनच्या मिंगकालीन महाभिंतीचे पश्चिम टोक. अर्धा दिवस पुरतो. सकाळी लवकर गेलात तर तटावरून एकीकडे बर्फाळ चिल्यान आणि दुसरीकडे वाळवंट स्पष्ट दिसते. दुपारी धुळीने पर्वत पुसला जातो. उरलेले तीन दिवस दुनहुआंगचे.

रेल्वेची तिकिटे पंधरा दिवस आधी खुली होतात, पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित दार आपला पासपोर्ट बहुधा वाचत नाही, कडेच्या माणूस असलेल्या खिडकीकडे जावे. त्यासाठी चाळीस मिनिटे आधी पोहोचा. शिनिंगमार्गे झांगयेला जाणारी गाडी चिल्यान पर्वतात ३,६०० मीटर उंचीवरच्या बोगद्यातून जाते. डब्यातला दाब स्थिर नसतो, कानात दडे बसतात, त्रास इतकाच. तिकीट काढताना उतरण्याचे स्थानक ‘दुनहुआंग’ आहे का ते पाहा. ‘ल्यूयुआन दक्षिण’ हे मुख्य मार्गावरचे स्थानक दुनहुआंगचे म्हणून विकले जाते, पण तिथून शहर सव्वाशे किलोमीटरवर आहे.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहावे लागेल का? (सांगली)

उपाशी नाही, पण सावध राहावे लागेल. लान्झोऊची ओळख असलेले ताणलेल्या शेवयांचे वाडगे गोमांसाच्या रश्शात असते. रस्सा पारदर्शक असतो, वर मुळ्याच्या चकत्या, तिखट तेल आणि कोथिंबीर; मांसाचे तुकडे काढायला सांगितले तरी रस्सा तोच. ‘न्योरौ’ म्हणजे गोमांस, ‘यांगरौ’ म्हणजे बकऱ्या-मेंढ्याचे मांस. हे दोन शब्द कानाला ओळखता यायला हवेत. दुनहुआंगमध्ये पिवळ्या शेवया गाढवाच्या मांसाबरोबर देतात. नुसत्या शेवया मागता येतात.

मागावे असे : न्यांगपी. गव्हाची कणीक पाण्यात धूत धूत तिचा सत्त्वासारखा पांढरा अंश वेगळा काढतात, तो ताटलीत वाफवून त्याच्या जाड पट्ट्या कापतात. उरलेला चिवट भाग वेगळा वाफवला की स्पंजासारखा होतो, तोही वर घालतात. व्हिनेगर, लसूणपाणी, मोहरी, तिळाची पेस्ट, तिखट तेल. कुरडईचा चीक ज्यांच्या घरी होतो त्यांना ही चव परकी वाटणार नाही. ज्यांगश्वे म्येन म्हणजे आंबवलेल्या भाजीच्या आंबट पाण्यातल्या शेवया, उन्हाळ्यात उत्तम. गोडात थ्येनफेज, आंबवलेले ओट्स किंवा जव. त्याला किंचित मद्याचा वास असतो, कटाक्ष असेल तर टाळा. दुनहुआंगचे जर्दाळूच्या सालीचे सरबत आणि कलिंगड-खरबुजे मात्र मनसोक्त.

‘सू’ म्हणजे शाकाहारी. पण तेवढे पुरत नाही. भाजी चरबीत परततात किंवा वर खिमा भुरभुरतात, आणि ते त्यांच्या लेखी भाजीच असते. हॉटेलातल्या माणसाकडून चिनी भाषेत एक चिठ्ठी लिहून घ्या : मांस नको, मांसाचा रस्सा नको, प्राण्याची चरबी नको, मासे नको, अंडे चालते किंवा नाही. जैन मंडळींनी कांदा-लसणीचेही लिहून घ्यावे. गाड्यांत आणि स्थानकांवर उकळते पाणी मोफत मिळते, तेव्हा पाणी ओतून होणारे पोहे, उपमा घरून न्या. मांस, दूधदुभते आणि ताजी फळे देशात न्यायला बंदी आहे.

प्रश्न : झांगयेचे इंद्रधनुषी डोंगर फोटोंत दिसतात तसे असतात का? (बेळगाव)

नाही, तितके भडक नसतात. बहुतेक फोटोंत रंग वाढवलेले असतात. भर दुपारी तर डोंगर फिकट विटकरी दिसतात आणि लोक निराश होऊन परततात. पाऊस पडून गेल्यावर, सूर्य कलल्यावर तांबडे, पिवळे, करडे पट्टे स्वच्छ उठून दिसतात. म्हणून सूर्यास्ताआधी दोन तास पोहोचा. शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर चिचाय आणि बिंगगोउ अशी दोन वेगळी उद्याने आहेत. रंग हवे असतील तर चिचाय. बिंगगोउमध्ये सुळके आहेत, रंग नाहीत. गाडीवाल्याला नाव नीट सांगा.

प्रश्न : कोणता महिना चांगला? (कोल्हापूर)

सप्टेंबर. दुसरी पसंती जूनची. मार्च ते मे वाळूची वादळे येतात. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हापेक्षा गर्दीचा त्रास अधिक. जानेवारीत दुनहुआंगचे सरासरी तापमान शून्याखाली ८-९ अंश असते. वर्षाचा पाऊस तिथे ४० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्याकडच्या एका दमदार सरीइतका. हवा इतकी कोरडी की नाकातून रक्त येऊ शकते. नाकाच्या आतून थोडे खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावे, ओठांनाही.

सगळ्या चीनमध्ये बीजिंगची वेळ चालते, आपल्यापुढे अडीच तास. दुनहुआंग इतके पश्चिमेला आहे की जून-जुलैत सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. त्यामुळे तिथल्या मिंगशा या वाळूच्या टेकड्या आणि चंद्रकोर तळ्याला संध्याकाळी सहानंतर जा. दुपारी वाळू पायाला भाजते. वाळू बुटांत जाऊ नये म्हणून भगव्या रंगाचे मोजे भाड्याने मिळतात, ते घ्या.

प्रश्न : पैसे, फोन आणि व्हिसाचे काय? (मडगाव)

व्हिसा आधीच काढावा लागतो. चीनची दहा दिवसांची व्हिसामुक्त थांब्याची सवलत भारतीय पासपोर्टला नाही. रोख कोणी सहसा घेत नाही. अलीपे किंवा वीचॅट या पैसे देण्याच्या ॲपांत व्हिसा कार्ड किंवा मास्टरकार्ड निघण्यापूर्वी घरूनच जोडा, कारण बँकेचा ओटीपी तुमच्या भारतीय क्रमांकावर येतो. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वर गेल्यास ३ टक्के. गूगल आणि व्हॉट्सॲप तिथे बंद आहेत, पण भारतीय सिमचे आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतले तर चालतात. हॉटेलच्या वायफायवर नाही. आणखी एक : जून २०२५ पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत ‘३सी’ हे चिनी सुरक्षा प्रमाणनाचे चिन्ह नसलेली पॉवर बँक चालत नाही, तपासणीत काढून घेतात. भारतात घेतलेल्यांवर ते चिन्ह सहसा नसते. दुनहुआंगहून विमानाने परतणार असाल तर तिथलीच एक विकत घ्या.

प्रश्न : लाब्रांग मठाला तिबेटचा परवाना लागतो का? (मुंबई)

लागत नाही, कारण हा मठ ज्या गावी आहे ते श्याहे गान्सूत आहे. पण तिबेटी नववर्षाच्या सुमारास आणि मार्चमध्ये हा भाग परदेशी प्रवाशांना अचानक बंद होतो, तेव्हा त्या दिवसांत जाऊ नका. १७०९ मध्ये स्थापन झालेला तिबेटी बौद्धांच्या गेलुग परंपरेचा हा मठ सुमारे २,९०० मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवशी हळू चाला. प्रार्थनाचक्रांची प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच घालावी, आणि साष्टांग नमस्कार घालत जाणाऱ्या यात्रेकरूंच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये. बारा दिवसांच्या मार्गात हे बसत नाही. आणखी दोन दिवस काढा.

प्रश्न : इतक्या लांब जाणे या जन्मी होईलसे वाटत नाही. भारतात यातले काही पाहता येते का? (सातारा)

येते. स्टाइनच्या मोहिमेला तेव्हाच्या भारत सरकारचाही पैसा होता, म्हणून त्याने आणलेल्या वस्तूंचा एक हिस्सा भारताच्या वाट्याला आला. तो नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मध्य आशियाई संग्रहात आहे. त्यात दुनहुआंगच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातली रेशमावरची चित्रे आणि पताका आहेत. रेशीम उजेडाने विरते, म्हणून ती नेहमीच मांडलेली नसतात. जाण्याआधी दालन उघडे आहे का आणि दुनहुआंगची चित्रे सध्या लावली आहेत का, अशी दोन्ही विचारणा करा.